सायकसचा पोगा उलगडतोय. गाभ्यात डोकावल्याशिवाय पंपाला हात लावू नका

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की सायकसच्या, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाच्या, गाभ्यात तपकिरी लव फुगते आणि आठवडाभरात पोग्यातून (न उलगडलेली कोवळी पालवी) सगळ्या झावळ्या एकदम वर येतात. नारळासारखी एकेक पानाची रीत या झाडाला नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, पूर्ण घेर एका दमात. तो घेर अळीने खाल्ला की पुढच्या पालवीपर्यंत रोप नर्सरीत पडून, आणि गिऱ्हाईक वाकड्या झावळ्यांचं रोप उचलत नाही. उरुळी कांचन, मांजरी, तळेगाव पट्ट्यात दर पावसाळ्यात हेच बघतो. रोपं मरत नाहीत, म्हणून कुणी नुकसान धरत नाही. पैसे मात्र वर्षभर अडकतात.

ही अळी एका छोट्या निळसर फुलपाखराची आहे. त्याला प्लेन्स क्युपिड म्हणतात आणि ते आपल्याकडचंच आहे. ऊन पडलं की ते रोपांच्या शेंड्यांवर घिरट्या घालतं, लोक कौतुकाने बघतात. मादी कोवळ्या पोग्यावर टाचणीच्या डोक्याहून लहान, फिकट चपटी अंडी घालते. दोन-चार दिवसांत अळी निघते. ती हिरवट किंवा जांभळट, गोगलगायीसारखी चपटी असते आणि पानाच्या गुंडाळीतच बसते, त्यामुळे उभ्याने दिसत नाही. पान निबर झालं की तिला ते चावत नाही. म्हणजे धोका पोगा फुटल्यापासून झावळ्या कडक होईपर्यंतचा, साधारण तीन-चार आठवडे. बाकी वर्षभर तुम्ही सायकसकडे पाठ फिरवलीत तरी चालेल.

आणि नेमकं याच आठवड्यांत कुणी बघत नाही. पेरणीची घाई, लॉनच्या ऑर्डरी, मजूर रोपं भरण्यात गुंतलेले. मग झावळीचा नुसता दांडा उरला की फोन येतो, "काय मारू?" आता काही मारू नका. खाल्लेलं पान भरून येत नाही.

बघायचं कसं? सकाळी खाली बसून पोगा दोन बोटांनी हलकेच उघडा. लवेत काळी बारीक विष्ठा अडकलेली दिसते. पानांच्या कडा कुरतडलेल्या, टोकं वाळलेली. सगळ्यात पक्की खूण मुंग्यांची. अळीच्या अंगातून गोड रस येतो, तो खायला मुंग्या तिच्याभोवती जमतात आणि तिची राखणही करतात. पोग्यावर मुंग्यांची ये-जा दिसली की आत अळी आहे असं समजा. लोक इथेच फसतात, मुंग्यांची पावडर टाकतात आणि अळी आत सुखाने चरत राहते.

उपाय, स्वस्तापासून सुरुवात:

मोजकी रोपं असतील तर पोगा दिसताच बारीक जाळीचं कापड सैल बांधा, झावळ्या कडक झाल्या की काढा. याच्यापुढे मला कुठलंही औषध आवडत नाही.
५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी, २०० ग्रॅम साबण. पोगा फुटताच पहिली फवारणी, दर ५-६ दिवसांनी पुन्हा. संध्याकाळीच.
अळी दिसली तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी, अळी मारणारं जिवाणूंचं औषध), २ ग्रॅम प्रति लिटर, तेही उन्हं कलल्यावर. धुवून गेली तर पुन्हा.
हाताबाहेर गेलं तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे रासायनिक कीटकनाशक, ४ ग्रॅम प्रति १० लिटर. आधी लेबल वाचा आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

नोझल गाभ्यात वळवा. वरवरची फवारणी म्हणजे छत्रीवर पाणी.

एक माझा अंदाज, शास्त्र नव्हे. मृगात फुटलेली रोपं बऱ्यापैकी सुटतात, आर्द्रा-पुनर्वसूत मागाहून फुटणारी जास्त खाल्ली जातात. तोवर फुलपाखरं आधीच्या पालवीवर वाढलेली असतात. त्यामुळे उशिरा फुटणारी रोपं वेगळी काढून जाळीखाली ठेवा.

दुकानदार या काळात टॉनिक आणि युरिया गळ्यात मारतो. सायकसच्या मुळांवर पोवळ्यासारख्या गाठी असतात, त्यात नत्र धरणारे निळे-हिरवे शैवाल राहतात. रोग समजून त्या गाठी कापू नका आणि युरियाचा मारा करू नका. नव्या झावळ्या पिवळ्या, आखडलेल्या येत असतील आणि विष्ठा नसेल, तर अळी नव्हे, मँगेनीजची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे फार. मँगेनीज सल्फेट २ ग्रॅम प्रति लिटर. आखडलेलं पान सरळ होत नाही, पुढची पालवी नीट येते.

बाकी कामं:
पिशवीत पाणी साचू न देणे, गाभ्यात माती न जाऊ देणे.
बुंध्याला फुटलेली पिल्लं काढून जखम सावलीत आठवडाभर वाळवून उथळ लावणे.
बाहेरून आलेल्या गाडीतल्या रोपांची पानं उलटून खवले कीड बघणे, ती रोपं महिनाभर वेगळी ठेवणे.

नर झाडाला मधोमध उभा पिवळट शंकू आला तर त्या वर्षी पालवी बहुधा लांबते. डायनासोरच्या आधीपासून या झाडाचं कूळ चालत आलंय, खत वाढवून ते घाई करणार नाही. मादीच्या केशरी बिया विषारी असतात. कुत्रं, शेळी, लहान मूल त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका. आणि पश्चिम घाटातलं रानातलं सायकस कुणी स्वस्तात आणून दिलं तर घेऊ नका. ती जात धोक्यात आहे आणि रोपवाटिकेत तयार झालेली रोपं मिळतात.