सायकलपटू व्हायचंय? या चुका टाळा. मोठमोठ्यांनाही त्या महागात पडल्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातली पोरं आता रोड सायकल घेऊन पहाटेच बाहेर पडलेली दिसतात. रात्री मोबाईलवर स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार बघायचा आणि सकाळी वेंगुर्ला रोडला शिनोळीपर्यंत त्याच्यासारखं उभं राहून पॅडल मारायचं, असा एकूण कार्यक्रम. त्याला माझी हरकत नाही. पण पोगाचारकडून शिकायचंच असेल तर त्याने जिंकलेल्या चार टूर द फ्रान्सपेक्षा (२०२०, २०२१, २०२४, २०२५) मधल्या हरलेल्या दोन जास्त उपयोगाच्या आहेत. (टूर म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची, टप्प्याटप्प्यांची शर्यत.) बाकीच्या चॅम्पियनांचंही तसंच. कुठे घसरले, कशामुळे घसरले आणि तीच चूक आपल्या रस्त्यावर कशी समोर येते, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

भूक लागल्यावर खाऊ, ही सगळ्यांत महाग चूक

२०२३ च्या टूरचा सतरावा टप्पा. कोल द ला लोझच्या चढावर पोगाचारने रेडिओवर संघाला सांगितलं, की मी संपलो. त्या एका दिवसात तो प्रतिस्पर्धी, डेन्मार्कच्या विंगेगार्डच्या पावणेसहा मिनिटं मागे पडला. खाल्लेलं पायापर्यंत पोचलंच नाही, असं तो नंतर म्हणाला. त्याआधी दहा वर्षं, २०१३ मध्ये, ब्रिटनचा ख्रिस फ्रूम पिवळी जर्सी (एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची) अंगावर असताना आल्प द्युएझवर असाच रिकामा झाला. सहकारी रिची पोर्टने मागे जाऊन गाडीतून साखरेची जेल आणून दिली. शेवटच्या किलोमीटरांत खाणं घ्यायला बंदी होती, म्हणून दोघांना वीस-वीस सेकंदांचा दंड बसला. फ्रूमने तो मुकाट्याने घेतला. न खाता चढला असता तर गेली असती त्याहून कितीतरी जास्त मिनिटं.

आता आपल्याकडे या. बेळगाव पठारावर आहे, त्यामुळे आपल्याला घाट उलटा पडतो. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याला पोचायचं, ताज्या पायांनी गोव्याच्या बाजूला केरीपर्यंत मजेत उतरायचं, फोटो काढायचे. खरा चढ परतीच्या वाटेवर, ऊन चढल्यावर, बाटली रिकामी असताना. आंबोलीतून सावंतवाडीला उतरणाऱ्यांचंही तेच. घाटात पाय थरथरायला लागले, घाम थंड झाला, उगाच चिडचिड व्हायला लागली, की समजा साखर संपली. तेव्हा खाल्लेलं लागू व्हायला वेळ लागतो, तोवर सायकल हातात धरून चाला.

उपाय साधा आहे, पण तो घरून निघताना करायचा असतो. तासाभराहून जास्त चालवायची असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरुवात करा, भूक असो वा नसो. दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं, एक-दोन खजूर आणि साखर-मीठ-लिंबू घातलेलं अर्धा लिटर पाणी, एवढ्यावर भागतं. मोठे व्यावसायिक आता तासाला ९० ते १२० ग्रॅम घेतात, पण त्यासाठी पोटाला महिनोन् महिने सवय लावावी लागते. पहिल्याच दिवशी तेवढं घ्याल तर जांबोटीच्या अलीकडेच झाडी शोधावी लागेल. सकाळी भाकरी-भाजी पोटभर खाऊन लगेच निघणंही नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आणि कुंदा घरी आल्यावर. खवा आणि साखर घेऊन घाट चढता येत नाही.

गुडघा बोलतोय आणि तुम्ही ऐकत नाही

बर्नार्ड इनॉ हा पाच वेळा टूर जिंकलेला माणूस, आणि भलताच हट्टी. १९८० मध्ये पिवळी जर्सी त्याच्याकडे होती आणि गुडघा इतका दुखत होता की पो शहरातून त्याने रात्रीच शर्यत सोडली. पुढे १९८३ ची टूरही गुडघ्यानेच खाल्ली, शस्त्रक्रिया झाली. १९८५ मध्ये तो पुन्हा जिंकला. थांबायचं ठरवलं म्हणून ते जमलं. आपल्याकडे गुडघ्याला बाम चोळून दुसऱ्या दिवशी येळ्ळूरचा राजहंसगड चढायला जातात.

गुडघा कुठे दुखतो ते आधी बघा. पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे. मागून, खोबणीत दुखत असेल तर सीट वर आहे. काका-मामांची सायकल वापरणाऱ्या पोरांत हे दोन्ही सर्रास दिसतं, कारण फ्रेम त्यांच्या मापाची नसतेच. सीटच्या उंचीसाठी जुना हिशोब आहे, इनॉ आणि अमेरिकेचा टूर विजेता लेमाँ यांचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या काळापासून चालत आलेला. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जांघेत पुस्तक घट्ट धरा, तिथपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या आणि त्याला ०.८८३ ने गुणा. माप ८० सेंटीमीटर आलं तर क्रँकच्या (पॅडलचा दांडा फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटीमीटर हवेत. हा आकडा सुरुवातीपुरता, पुढे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे करत जायचं. एकदम दोन सेंटीमीटर कधीच नाही.

दुसरं कारण जड गिअर. सपाटीवरही मोठी चकती लावून पॅडलच्या मिनिटाला साठ फेऱ्या मारत कण्हत जाणं म्हणजे ताकद, असा समज तालमीतून आलेल्या पोरांत तर फारच. सपाटीवर ८५ ते ९५ फेऱ्या ठेवा. आठवडाभर विचित्र वाटेल, मग सवय होते.

मान खाली घालून हायवे

एगान बर्नाल कोलंबियाचा, २०१९ चा टूर विजेता. जानेवारी २०२२ मध्ये बोगोटाजवळ टाइम ट्रायलच्या (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या) सायकलवर सराव करताना तो उभ्या असलेल्या बसच्या मागे जाऊन आदळला. मणका, मांडी, बरगड्या मिळून वीसच्या आसपास हाडं मोडली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला, पण सगळ्यांना असं परत येता येत नाही. फ्रूमचं करिअर तर एका हाताने संपवलं. जून २०१९ मध्ये रोआनच्या रस्त्यावर उतारावर नाक शिंकरायला त्याने हँडलवरचा हात काढला, वाऱ्याचा झोत आला आणि तो थेट भिंतीवर गेला. त्यानंतर त्याला मोठी शर्यत जिंकता आलेली नाही.

आपल्याकडे बसच्या जागी उसाची ट्रॉली ठेवा. गाळप हंगामात संकेश्वर, चिकोडी, अथणीकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, आणि पंक्चर झाली की रस्त्यातच उभी, शेजारी चार दगड लावून. पहाटे पाचला धुक्यात ती ट्रॉली तुम्हाला दिसत नाही आणि ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. हंगाम असेपर्यंत उजाडल्यावरच निघा. मागे लुकलुकणारा लाल दिवा दिवसासुद्धा लावा. वेग बघायला मीटरकडे खाली बघायची सवय मोडा, मीटर हँडलच्या पुढे लावा. चौपदरी हायवेवर काकतीच्या पुढे टाइम ट्रायल करायची हौस असेल तर सोबत मागे गाडी हवी, नाहीतर नको. पावसाळ्यात चोर्ल्याच्या वळणांवर शेवाळ असतं. तिथे ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही, आणि उतारभर सलग दाबून धरायचा नाही.

सगळा पैसा सायकलीत

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाने शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. तरी दोनशे ग्रॅम वाचवायला पोरं वडिलांना कर्ज काढायला लावतात. १९८९ ची टूर आठवा. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. ग्रेग लेमाँ फ्रान्सच्या लॉराँ फिन्योंच्या ५० सेकंदांनी मागे होता आणि शेवटी ८ सेकंदांनी जिंकला. त्याच्याकडे हात पुढे घेऊन वाकायला लावलेला हँडलचा जोड होता आणि डोक्यावर वारा कापणारं हेल्मेट. फिन्योंच्या डोक्यावर काहीच नव्हतं, शेंडी वाऱ्यावर उडत होती. वाऱ्याविरुद्ध सर्वांत मोठा अडथळा म्हणजे स्वारच. आधी बसणं सुधारा, मग चांगले टायर घ्या, मग बाकीचं.

आणि असलेली सायकल धुवा हो. खानापूर-जांबोटीची तांबडी माती पावसात ब्रेक शूमध्ये बसली की रिम खरवडते. चेन जड गिअरवर उड्या मारत असेल तर गिअर केबल ओढत बसू नका, आधी चेन किती ताणली गेलीय ते बघा. जुन्या फ्रीव्हीलवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) नवी चेन घातली तरी उड्या मारते, तेव्हा दोन्ही एकदम बदलावे लागतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होत असेल तर बाभळीचा काटा टायरमध्येच आहे. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, जपून.

ताप अंगावर काढणं

ब्रिटनचा स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश याला २०१७ मध्ये एपस्टीन-बार विषाणूचा, थकवा आणणारा आजार झाला, पुढची काही वर्षं पार वाया गेली, नैराश्यही आलं. २०२१ मध्ये त्याने टूरचे चार टप्पे जिंकले आणि जुलै २०२४ मध्ये ३५ वा टप्पा जिंकून बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला. ताप असताना शर्यत सोडली म्हणून कोणाचं करिअर जात नाही. डेंगी किंवा साध्या तापातून उठल्यावर रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सायकल भिंतीलाच राहू दे.

जिममधली पुडी

उत्तेजकं घेतल्याबद्दल अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगच्या सात टूर २०१२ मध्ये काढून घेतल्या गेल्या. ब्रिटनचा टॉम सिम्पसन १९६७ च्या टूरमध्ये माँ व्हाँतूच्या चढावर उन्हात कोसळून मेला, त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामीन हे उत्तेजक सापडलं. हे सगळ्यांना माहीत असतं. पोरं फसतात ती लेबल नसलेल्या पावडरीला, "ताकदीच्या" इंजेक्शनला, ओळखीच्या माणसाने दिलेल्या चूर्णाला. नियम असा आहे की तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला तुम्ही जबाबदार, कोणी दिलं हा प्रश्न नंतरचा. बंदी चार वर्षांचीही होऊ शकते. एकोणिसाव्या वर्षी चार वर्षं गेली तर उरतं काय?

रेषेच्या आधी हात वर

ऑक्टोबर २०२०, बेल्जियममधली लिएज-बास्तोन-लिएज ही एका दिवसाची शर्यत. जगज्जेता, फ्रान्सचा अलाफिलिप याने जिंकलो समजून हात वर केले, शेजारून स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचने सायकल पुढे ढकलली आणि शर्यत नेली. गावच्या जत्रेतल्या शर्यतीतही हे दर वर्षी होतं.

"आता वय गेलं" आणि कागदपत्रं

तोच रोग्लिच आधी स्की जंपिंग करायचा, सायकलिंगकडे वळला तेव्हा विशी ओलांडली होती. पुढे चार वेळा व्हुएल्टा (स्पेनची मोठी शर्यत) आणि एकदा जिरो (इटलीची) जिंकला. तेव्हा कुस्ती किंवा कबड्डी सोडून विसाव्या वर्षी आलेल्या पोराला हाकलू नका, त्याचे पाय तयार असतात, फक्त घोळक्यात चालवायला शिकवावं लागतं. ते शिकायला जोडीदार लागतात. विजापूर-बागलकोटकडे सायकलिंगची जुनी परंपरा आहे, तिथल्या पोरांबरोबर सराव करायची संधी मिळाली तर सोडू नका. सीमाभागातल्या पोराला कन्नड येतंच, तिथे ते वापरा.

एक मात्र वेळेत ठरवा: खेळायचं कोणत्या राज्याकडून. चंदगडचा पोरगा आणि उचगावचा पोरगा रोज एकाच रस्त्यावर सराव करतात, पण राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड राज्य संघटनेकडून होते. त्यामुळे नोंदणी, रहिवासाचा पुरावा आणि जन्मतारखेचा दाखला एकाच राज्याशी जुळायला हवा. शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची तारीख वेगळी असेल तर ती निवड चाचणीच्या आदल्या दिवशी नाही, आत्ताच दुरुस्त करून घ्या. नावाचं स्पेलिंगही तपासा. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना हमखास बदलतं.