फिगर मस्त, पण बॉक्स आर्टची वाट लागली? या चुका टाळा

ॲक्शन फिगर म्हणजे हातपाय हलणारे खेळण्यातले हिरो घेणाऱ्यांत दोन जाती असतात, फिगरसाठी घेणारे आणि खोक्यासाठी घेणारे, आणि दुसरे जरा लाजत कबूल करतात इतकंच. खरं तर लाजायचं काय त्यात? १९८२ ला हॅस्ब्रो कंपनीने जी.आय. जो हा खेळण्यातला सैनिक छोट्या साइजमध्ये परत आणला तेव्हा कार्डवर, म्हणजे पाठच्या छापील पुठ्ठ्यावर, चित्रकार हेक्टर गॅरिडोने रंगवलेला सैनिक मागे केशरी-पिवळा स्फोट घेऊन अंगावर धावून यायचा, आणि त्यावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या बबलच्या आत असायचा पावणेचार इंचांचा एक शांत प्लास्टिकचा माणूस. त्याच वर्षीच्या मॅटेलच्या कॅसल ग्रेस्कलचंही, म्हणजे ही-मॅनच्या खेळण्यातल्या किल्ल्याचंही तेच, चित्रकार रूडी ओब्रेरोने बॉक्सवर केलेलं पेंटिंग बघून पोरं वेडी झाली. खेळण्यात जे दाखवता येत नाही ते सगळं चित्रात असायचं, मजा तिथेच आहे.

अडचण एवढीच की ही चित्रं छापली होती फेकून द्यायच्या पुठ्ठ्यावर. फेकायच्याच काय, कापायच्या! जी.आय. जो च्या मागची फाइल कार्ड (त्या सैनिकाची माहिती), ट्रान्सफॉर्मर्सचे टेक स्पेक्स (त्या रोबोची ताकद वगैरे), जमवून कंपनीला पाठवायचे पॉइंट्स, हे सगळं कात्रीने कापून ठेवायलाच दिलेलं, म्हणून जुना बॉक्स घेताना विकणाऱ्याकडून पाठचा फोटो मागितलाच पाहिजे. फक्त पुढचा फोटो बघून पैसे पाठवणं ही सगळ्यात कॉमन चूक.

दुसरी चूक म्हणजे उजेड. लोक छान शेल्फ करतात आणि तो खिडकीसमोर ठेवतात. छपाईतले लाल आणि पिवळे रंग साधारण आधी उडतात, निळा आणि काळा जास्त टिकतो, त्यामुळे स्फोट फिका पडतो आणि सैनिक निळसर आजारी दिसायला लागतो. रोज बघणाऱ्याला हे कळत नाही, तेव्हा बॉक्सचा आत दुमडलेला फ्लॅप बाहेर काढून पुढच्या रंगाशी ताडून बघा, फरक दिसला की समजायचं. उडालेला रंग परत येत नाही आणि मार्करने टचअप तर अजिबात करू नका, लांबून बरं दिसतं, जवळून भयंकर. यूव्ही अडवणारी ॲक्रिलिक केस चांगलीच, पण साध्या उजेडानेही रंग हळूहळू जातो, म्हणून जागा बदला आणि लाइट गरजेपुरताच लावा.

आता किमतीचं स्टिकर. नखाने ओढलं की स्टिकरबरोबर चित्राचा वरचा थर येतो आणि खाली पांढरा पुठ्ठा दिसतो, मग बसा रडत. हेअर ड्रायर कमी हीटवर थोडा लांबून फिरवा, गोंद मऊ झाला की कोपरा उचलून स्टिकर वर न ओढता कार्डाला समांतर, मागे दुमडत दुमडत काढा. बबल जवळ असेल तर ड्रायर नको, पातळ प्लास्टिक वाकतं. उरलेल्या गोंदाला काही जण लायटर फ्लुइड वापरतात, चकचकीत कोटिंगवर ते चालतं पण आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा, खिडकी उघडी ठेवा, आणि ड्रायर तेव्हा बंद, हे वेगळं सांगायला नको! नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट लावाल तर शाईच निघेल. कोटिंग नसलेल्या मॅट पुठ्ठ्यावर यातलं काहीच करू नका. माझं विचाराल तर जुन्या दुकानाचं स्टिकर चित्रातल्या चेहऱ्यावर चिकटलेलं नसेल तर राहू द्यावं, छान दिसतं ते.

कार्ड धनुष्यासारखं वाकलंय? दोन्ही बाजू दमट हवा सारखी शोषत नाहीत म्हणून होतं. उलट्या बाजूला वाकवलं की चित्रावर कायमची रेघ पडते, आणि बबल असलेलं कार्ड पुस्तकांखाली दाबलं तर बबलच सुटतो. कडक केसमध्ये उभं ठेवा, हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा आणि धीर धरा. सिलिका जेलच्या पुड्या भारंभार टाकू नका, फार कोरडा पुठ्ठा घडीवर तडकतो.

नकली कार्डबॅक, म्हणजे तेच चित्राचं कार्ड, ओळखायला साधं भिंग पुरतं. तळाशी जो बारीक कॉपीराइटचा मजकूर असतो ना, तो बघा. ओरिजिनल छपाईत काळी अक्षरं एकाच शाईची, कडा स्वच्छ. स्कॅन करून प्रिंट मारलेल्यात बऱ्याचदा अक्षरांभोवती रंगीत ठिपके दिसतात, कडा फुटलेल्या असतात. रिप्रो, म्हणजे नवी नक्कल, म्हणून सांगून विकणाऱ्यांबद्दल काही म्हणणं नाही, फ्रेम करायला ते उत्तमच.

आणि उघडायचंच असेल तर? उघडा की, खेळणं आहे ते. फक्त बबल कार्डवरून उचकटू नका, चित्र सोलून येतं. बबलची खालची कड आणि एक बाजू धारदार ब्लेडने प्लास्टिकमध्येच कापा, म्हणजे दारासारखा उघडतो आणि फिगर परत आत ठेवता येते. बॉक्सची चिकटपट्टी ओढायची नाही, फ्लॅपच्या फटीत चिरायची. ब्लेड लावायच्या आधी पुढची-मागची बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा, बबलमुळे स्कॅनरवर सपाट बसत नसेल तर निदान समोरून नीट उजेडात फोटो तरी काढा.