पंपावर आणि गॅरेजमध्ये ग्राहक म्हणून या चुका टाळा

पेट्रोल कमी भरलं किंवा गॅरेजवाल्याने नको ते काम काढलं, अशी शंका बहुतेकांना घरी पोचल्यावर येते. मग चार जणांत चर्चा होते, त्या पंपाला नावं ठेवली जातात आणि विषय तिथेच संपतो. तक्रार खरी असते, पण ती पटवून द्यायला हातात काही उरलेलं नसतं. टाकीतलं पेट्रोल जळून गेलेलं असतं, जुना पार्ट भंगारात गेलेला असतो आणि बिल घ्यायचं राहिलेलं असतं. प्रामाणिक पंपचालक आणि हातात खरी कला असलेले मेकॅनिक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांचीही बदनामी या मोघम तक्रारींमुळेच होते. म्हणून काय विचारायचं आणि ते कधी विचारायचं, हे माहीत असायला हवं.

शून्य बघितलं, पुढचं बघितलं नाही

मीटरवर शून्य बघायची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. गफलत होते ती मध्येच थांबलेल्या भरणीत. तुम्ही 500 चं पेट्रोल सांगता, पंपावरचा मुलगा 200 वर थांबतो आणि "चुकून दोनशेच लावले, उरलेले तीनशे टाकतो" म्हणतो. त्याच वेळी दुसरा कोणीतरी कार्ड की यूपीआय विचारायला येतो. मीटर पुन्हा शून्यावर न आणता 200 वरूनच पुढे सुरू होतो आणि 300 वर थांबतो. तुमच्या डोक्यात दोनशे अधिक तीनशे असा हिशोब असतो, टाकीत मात्र एकूण 300 चंच गेलेलं असतं. भरणी मध्ये थांबली तर आधी 200 चं छापील बिल घ्या, मीटर शून्य करायला लावा आणि मगच पुढचं भरू द्या. पैशांचा विषय नोझल जागेवर ठेवल्यानंतर काढायचा. गाडीतून खाली उतरून मशीनसमोर उभं राहिलं तरी अर्धं काम होतं.

100 ऐवजी 110 चं भरलं की माप बरोबर येतं, हा समज

हा समज घट्ट बसलेला आहे, पण मापातलं पाप अशा आकड्यांनी सुटत नाही. मशीनमध्ये पल्सर नावाचा भाग असतो. किती इंधन वाहिलं त्याचे तो विद्युत संकेत बनवतो आणि त्यावरून पडद्यावरचे लिटर पुढे सरकतात. 2017 मध्ये आधी लखनौला आणि नंतर ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर जे प्रकार उघड झाले, त्यात मशीनच्या इलेक्ट्रॉनिक भागातच फेरफार केलेली होती. अशा मशीनवर 100 भरा नाहीतर 117 भरा, तूट त्याच प्रमाणात येणार. पहाटे भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, हेही तसंच. टाक्या जमिनीखाली असतात आणि त्यांतलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही.

यावरचा खरा उपाय पंपावरच ठेवलेला असतो आणि तो मागणारे फार थोडे असतात. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं धातूचं माप ठेवणं बंधनकारक आहे. त्याच्या अरुंद मानेवर खुणा असतात आणि अंगावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. शंका आली तर शांतपणे "पाच लिटरचं माप लावून दाखवा" म्हणा. माप आधी एकदा भरून रिकामं केलेलं असावं, कारण कोरड्या मापाच्या आतल्या बाजूला थोडं इंधन चिकटून राहतं. ते सपाट जागेवर ठेवायचं, मशीनवर 5.00 लिटर लावायचे, भरायचं, फेस बसू द्यायचा आणि डोळे खुणेच्या पातळीत आणून वाचायचं. पाच लिटरमागे 25 मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. तूट त्याहून जास्त निघाली तर त्या नोझलची विक्री थांबवायला हवी. मशीनवर त्या वर्षीच्या पडताळणीचा शिक्का आहे का, तेही तेव्हाच बघा. पाच लिटर भरून दाखवायला काही मिनिटं पुरतात. ज्याचं माप बरोबर आहे तो पंपवाला कुरकुर करेल, पण नाही म्हणणार नाही.

टाकीची क्षमता बघून भांडण काढणं

"कंपनी म्हणते टाकी बारा लिटरची आणि यांनी साडेबारा भरलं!" पंपावरची कितीतरी भांडणं इथून सुरू होतात. पुस्तिकेत दिलेली क्षमता ही शिफारस केलेल्या पातळीपर्यंतची असते. इंधन उन्हात प्रसरण पावतं, त्यासाठी वर जागा सोडलेली असते, शिवाय टाकीची मान वेगळी. काठोकाठ भरलं तर आकडा पुढे जाणारच. त्यामुळे या मुद्द्यावर तक्रार टिकत नाही. उलट नोझल आपोआप बंद झाल्यावरही "अजून थोडं टाक" म्हणणं गाडीला महागात पडतं. जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो डबा खराब होतो.

अ‍ॅव्हरेज पडलं म्हणजे पंपानेच चोरलं, हेही लगेच धरून चालू नका. टायरची हवा, घासणारे ब्रेक आणि गच्च झालेला एअर फिल्टर आधी तपासा. इथेनॉलचाही वाटा आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलं आहे की, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्के आणि तशाच दुचाकींचं 3 ते 4 टक्के घटू शकतं. तुमची गाडी जुनी असेल तर हा फरक पंप बदलून जाणार नाही.

पेट्रोलमध्ये पाणी आलं आणि पुरावा ओतून दिला

पावसाळ्यात हे होतं आणि यात नुकसान मोठं असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. भूमिगत टाकीत पाणी झिरपलं की इथेनॉल पेट्रोलपासून सुटून पाण्याबरोबर तळाशी जातं. तो थर तुमच्या टाकीत आला की गाडी पंपापासून थोड्या अंतरावर आचके देते आणि बंद पडते. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसू नका, कारण त्याने खराब इंधन गाडीतल्या पंपापर्यंत आणि इंजेक्टरपर्यंत ओढलं जातं. गाडी टोचन करून न्या.

गॅरेजमध्ये टाकी रिकामी करताना स्वतः हजर राहा. काढलेलं इंधन स्वच्छ काचेच्या बरणीत घेतलं आणि हलवून थोडा वेळ स्थिर ठेवलं की खालचा वेगळा थर डोळ्यांना दिसतो. त्याचा व्हिडिओ काढा, बरणी सील करा आणि मेकॅनिककडून त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. ती बरणी विस्तवापासून लांब, हवेशीर जागी ठेवा. मेकॅनिक ते इंधन सवयीने पार्ट धुवायला वापरून टाकतो आणि तिथे तुमची केस संपते. पंपाचं बिल आणि ही बरणी घेऊन त्याच दिवशी पंपावर परत जा. त्या वेळी पेट्रोल भरलेल्या इतरांच्या गाड्याही बंद पडल्या असतील, तर सगळे मिळून तक्रार वहीत नोंद करा.

भेसळीच्या साध्या शंकेसाठी फिल्टर पेपर मागता येतो. नोझलचं तोंड पुसून कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. तो साधारण दोन मिनिटांत उडून जायला हवा. तेलकट डाग राहिला तर रॉकेलसारख्या जड पदार्थाची शंका घ्या. फिकट गुलाबी छटा राहिली तर तो पेट्रोलचाच रंग. घनतेचा आकडाही पंपावर लावलेला असतो. घनता मोजायचं हायड्रोमीटर लावून दाखवायला सांगा. 15 अंश सेल्सिअसला जुळवलेली घनता नोंदीपेक्षा 3 किलो प्रति घनमीटरहून जास्त वेगळी आली तर प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पेट्रोल गाडीत डिझेल किंवा डिझेल गाडीत पेट्रोल पडलं, तर चावीसुद्धा फिरवायची नाही. काही गाड्यांत चावी फिरवताच इंधन पंप सुरू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि तिथेच लेखी नोंद करून घ्या.

"काय असेल ते बघा आणि करून टाका"

गॅरेजमधलं सगळ्यात महाग वाक्य हेच. असं म्हणून चावी टेकवली की कामाची मर्यादाही गेली आणि रकमेचीही. तीन दिवसांनी फोन येतो, "साहेब, खोललं तर बरंच निघालं." खोललेली गाडी दुसरीकडे नेताही येत नाही. त्याऐवजी सांगा की आधी फक्त तपासून आकडा कळवा आणि ठरलेल्या रकमेपुढे जायचं असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. कोपऱ्यावरच्या छोट्या गॅरेजात जॉबकार्ड, म्हणजे ठरलेल्या कामाचा लेखी कागद, नसतो, तिथे हा मेसेजच तुमचं जॉबकार्ड. त्यात किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा, आधीचे ओरखडे आणि गाडीत ठेवलेल्या वस्तू यांचे फोटो टाका.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे आपणच निदान सांगणं. "क्लच प्लेट बदला" म्हणालात आणि बदलूनही त्रास राहिला, तर मेकॅनिक म्हणणार, तुम्हीच सांगितलं होतं. आणि त्याचं बरोबर असतं. लक्षण सांगा: चढावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही, किंवा सकाळी पहिल्या ब्रेकला समोरून किरकिर येते आणि नंतर जाते. आवाज नेमका कधी येतो ते समजावं म्हणून त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. चांगल्या मेकॅनिकला अर्धं निदान त्या फेरीतच होतं.

डब्याची मागची बाजू न वाचणं

दुचाकीच्या ऑइलबाबत हे आवर्जून सांगायला हवं. बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यांना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए 2' लिहिलेलं ऑइल लागतं. गॅरेजात कारसाठी उघडलेल्या मोठ्या कॅनमधून ओतलं तर त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू लागतो. मग निष्कारण क्लच प्लेटचा खर्च निघतो. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, तिला 'एमबी' चालतं. 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल सांगितलं असताना त्याहून घट्ट 20डब्ल्यू-50 ओतलं की सकाळी गाडी जड लागते. पुस्तिकेतला ग्रेड फोनमध्ये टिपून ठेवा आणि सीलबंद डबा समोर फोडायला सांगा.

टायर घेताना बाजूवर छापलेल्या उत्पादन-कोडचे शेवटचे चार अंक वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. नवा म्हणून विकलेला टायर तीन-चार वर्षं पडून असलेला निघू शकतो.

बदललेले जुने पार्ट परत द्या, हे काम देतानाच सांगा. शेवटी मागितलं तर "टाकून दिले" हे उत्तर ठरलेलं असतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिन फ्लश, अंडरबॉडी कोटिंग, एसीची निर्जंतुक फवारणी असं काहीबाही यादीत घुसतं. पुस्तिकेतल्या तक्त्यात त्या किलोमीटरला जे लिहिलं आहे ते करा. बाकीच्याला नाही म्हटल्याने वॉरंटी जात नाही.

हायवेवर पंक्चर काढताना टायर पाण्यात बुडवून प्रत्येक बुडबुडा दाखवायला लावा, चाकापासून लांब जाऊ नका. ट्यूबलेस असेल आणि हवा हळू उतरत असेल, तर हवा भरून पुढचं दुकान गाठता येतं. पंपावर हवा फुकट असते.

कच्च्या बिलावर समाधान मानणं

पक्कं बिल घेतलं की जीएसटी लागतो म्हणून लोक कच्च्या चिठ्ठीवर पैसे देतात. सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के दर आहे. तेवढे वाचवायला जाऊन पार्टची वॉरंटी आणि तक्रारीचा आधार, दोन्ही जातात. बॅटरीच्या कार्डावर विक्रीची तारीख आणि सिरियल नंबर लिहून घ्या. छोटा मेकॅनिक जीएसटीत नोंदलेला नसेल, तर त्याच्याकडून पार्टच्या दुकानाचं बिल आणि मजुरीची वेगळी सही केलेली पावती मागा. पैसे यूपीआयने द्या आणि शेऱ्यात गाडीचा नंबर व काम लिहा.

बिलावरून वाद झाला आणि गॅरेजवाल्याने गाडी अडवली, तर हमरीतुमरीवर येऊ नका. केलेल्या कामाची मजुरी थकली असेल तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे त्याला गाडी ताब्यात ठेवता येते. मान्य नसलेल्या रकमेसाठी बिलाच्या दोन्ही प्रतींवर "हरकत नोंदवून पैसे देत आहे" असं लिहा, पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग तक्रार करा. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असा बोर्ड भिंतीवर असला, तरी ताब्यातली गाडी नीट सांभाळायची जबाबदारी तेवढ्याने संपत नाही.

तक्रार चुकीच्या दारी नेणं

पंपावर आधी तक्रार वही मागा. तेल कंपनीच्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन तिथेच लावलेले असतात. माप कमी असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात जा, इंधनाचा दर्जा असेल तर तेल कंपनीकडे. दोन्हीकडे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथे मराठीत बोलता येतं. गॅरेजच्या तक्रारीलाही हाच नंबर चालतो. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकिलाची सक्ती नाही, आणि घटनेपासून 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी रिक्षा किंवा टॅक्सी चालवणाराही या कायद्यात ग्राहकच आहे, त्याला "धंद्याची गाडी आहे" म्हणून परत पाठवता येत नाही.