कर्नलमधली डिव्हाइसची आकडेवारी: मोजताना आणि वाचताना या चुका टाळा

डिस्क निवांत पडलेली असते, कोणतीही प्रोसेस काही वाचत-लिहीत नसते, तरीही आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी कमांड) सांगतं की डिस्क १०० टक्के व्यस्त आहे. नाहीतर नेटवर्कचा आलेख छान चढत जातो आणि एका क्षणी उणे ४२९ कोटी बाइटवर कोसळतो. असं काही दिसलं की पहिला संशय हार्डवेअरवर जातो. माझाही गेला होता. एका छोट्या ब्लॉक ड्रायव्हरवर काम करताना मी दोन केबल बदलल्या, तिसरी शोधत होतो, आणि चूक निघाली माझ्याच कोडमध्ये. ती पुढे येतेच.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आकडेवारी ठेवतो ती गाडीतल्या किलोमीटरच्या मीटरसारखी. मीटर वेग सांगत नाही, सरासरी काढत नाही. तो नुसता पुढे सरकत राहतो. दोनदा बघायचं, वजाबाकी करायची, मधल्या वेळाने भागायचं, हे काम वाचणाऱ्याचं. मोजणारा ड्रायव्हर आणि वाचणारा प्रोग्रॅम यांच्यात एवढाच करार असतो: आकडा मागे येणार नाही आणि तो त्याच डिव्हाइसचा असेल. मी पाहिलेल्या बहुतेक भानगडी एका बाजूने हा करार गुपचूप मोडल्यामुळे झालेल्या होत्या.

सुरुवात नोंदली, शेवट राहिला

लिनक्समध्ये जे ड्रायव्हर ब्लॉक लेयरची (कर्नलमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या थराची) रिक्वेस्ट-रांग न वापरता बायो (वाचन-लेखनाची एक मागणी) थेट हाताळतात, त्यांना हिशोब स्वतः ठेवावा लागतो. काम हाती घेताना बायो_स्टार्ट_आयओ_अ‍ॅक्ट आणि संपल्यावर बायो_एंड_आयओ_अ‍ॅक्ट. सुरळीत मार्गावर हे कोणी विसरत नाही. विसरलं जातं ते चूक झाल्यावर लवकर परत फिरण्याच्या वाटेवर: मेमरी मिळाली नाही, डिव्हाइस निघून गेलं, टाइमआउट झाला. माझ्या ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच झालं होतं. एक बायो नाकारला, बोलावणाऱ्याला चूक कळवली, पण हिशोबात तो कायम ‘चालू’ राहिला.

त्यानंतर चालू रिक्वेस्टचा आकडा शून्यावर येतच नाही आणि डिस्क कायमची व्यस्त दिसते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. /प्रॉक/डिस्कस्टॅट्स या फाइलमधल्या रकान्यांपैकी (सुरुवातीचे दोन क्रमांक आणि डिस्कचं नाव सोडून मोजा) फक्त नववा, म्हणजे या घडीला चालू असलेल्या रिक्वेस्टची संख्या, खालीवर होतो. बाकीचे चढतच जातात. सगळं काम थांबवा आणि नववा रकाना बघा. दोन मिनिटांनीही तिथे १ दिसत असेल, तर एक तर रिक्वेस्ट खरोखर अडकली आहे, नाहीतर कोणीतरी शेवट नोंदवायला विसरलंय. केबल बदलायच्या आधी हे बघितलं असतं तर माझी एक संध्याकाळ वाचली असती.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डेव्हस्टॅट या आकडेवारी-यंत्रणेत (३.० पासून आहे तो) यावर केलेली मांडणी मला फार आवडते. तिथे ‘चालू किती’ असा वेगळा आकडा नाही. सुरू झालेल्या आणि संपलेल्या व्यवहारांचे दोन स्वतंत्र काउंटर आहेत आणि चालू म्हणजे त्यांची वजाबाकी. दोघेही फक्त वाढतात, त्यामुळे करार तिथेही पाळला जातो. मात्र शेवट नोंदवायचं विसरलात तर तीही मांडणी तुम्हाला वाचवत नाही.

याच्या उलट चूकही होते. ब्लॉक लेयरची मल्टी-क्यू यंत्रणा वापरणाऱ्या ड्रायव्हरचा हिशोब ती यंत्रणाच ठेवते. तिथे ड्रायव्हरने वर आपली नोंद घातली की सगळं दुप्पट.

नेटवर्क ड्रायव्हरमधली याची भावंडचूक जास्त घातक आहे. पॅकेट पुढे सोपवून दिल्यावर त्याची लांबी वाचून बाइटच्या काउंटरमध्ये मिळवायची. सोपवलं त्या क्षणी ते पॅकेट तुमचं राहत नाही. कदाचित त्याची मेमरी मोकळीही झालेली असते. बहुतेक वेळा आकडा बरोबर येतो, म्हणून चूक महिनोन्‌महिने लपून राहते. लांबी आधी स्वतःकडे घ्या, मग पॅकेट सोडा.

एक काउंटर आणि त्याच्यावर तुटून पडणारे सगळे कोअर

काउंटर अ‍ॅटॉमिक केला म्हणजे बरोबर झाला, हे खरं. पण तो स्वस्त होत नाही. प्रत्येक वाढीसाठी त्या कॅशलाइनचा, म्हणजे कॅशमधल्या मेमरीच्या तुकड्याचा, ताबा (एक्स८६ वर ती ६४ बाइटची) एका कोअरकडून दुसऱ्याकडे जातो. सेकंदाला लाखो पॅकेट येत असतील तर खऱ्या कामापेक्षा या ओढाताणीतच वेळ जातो. म्हणून आकडेवारी प्रत्येक सीपीयूची वेगळी ठेवतात: वाढवताना धिस_सीपीयू_अ‍ॅड, वाचताना सगळ्यांची बेरीज. वाढ क्षणोक्षणी होते आणि वाचन कधीतरी, त्यामुळे महागडं काम वाचणाऱ्याच्या वाट्याला टाकलेलं बरं.

बेरीज करताना मात्र एक खड्डा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही पडतात. ‘चालू असलेले सीपीयू तेवढे घेऊ’ असं वाटून फॉर_ईच_ऑनलाइन_सीपीयू लिहिलं जातं. मग कोणीतरी एक कोअर ऑफलाइन करतं, त्या कोअरने मोजलेलं सगळं बेरजेतून गळतं आणि आकडा मागे जातो. मॉनिटरिंगला वाटतं काउंटर फिरून शून्यावर आला, आणि आलेखात आभाळाला टेकणारा सुळका उभा राहतो. फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू वापरा. झोपलेल्या कोअरने केलेलं काम झालेलंच असतं.

दुसरी गोष्ट, एकट्या सीपीयूच्या आकड्याला अर्थ नसतो. रिक्वेस्ट एका कोअरवर सुरू होते आणि दुसऱ्यावर संपते, त्यामुळे ‘चालू’ चा आकडा एका कोअरवर उणे आणि दुसऱ्यावर अधिक असू शकतो. अर्थ बेरजेला. ती बेरीजसुद्धा वाचता वाचता बदलत असते, म्हणून क्षणभर उणे येऊ शकते. लिनक्स अशा वेळी सरळ शून्य सांगतं.

लिनक्समधला तयार पर-सीपीयू-काउंटर वापरत असाल तर त्याची नुसती ‘रीड’ आणि ‘सम’ यांतला फरक लक्षात असू द्या. पहिली अंदाज देते, कारण प्रत्येक सीपीयू आपली छोटी शिल्लक बाळगून असतो. ही शिल्लक निदान ३२ पर्यंत जाऊ शकते, आणि सीपीयू जास्त असतील तर त्यांच्या संख्येच्या दुपटीपर्यंत. आलेखासाठी ते चालतं. मर्यादा ओलांडली का हे तपासायला चालत नाही.

अर्धा जुना, अर्धा नवा

३२ बिटच्या मशीनवर ६४ बिटचा काउंटर दोन तुकड्यांत वाचला जातो. समजा खालचा तुकडा काठोकाठ भरलाय आणि वरचा शून्य आहे. तुम्ही खालचा वाचलात, तेवढ्यात एकाची भर पडली, खालचा शून्य झाला आणि वरचा १. आता तुम्ही वरचा वाचलात. हातात आले सुमारे ८५९ कोटी, खरा आकडा ४२९ कोटींच्या आसपास. असं वर्षातून एकदा घडतं आणि पुन्हा घडवून दाखवता येत नाही.

लिनक्समध्ये यासाठी यू६४_स्टॅट्स_सिंक आहे. लिहिणारा सुरुवातीला आणि शेवटी क्रमांक वाढवतो. वाचताना क्रमांक बदललेला दिसला तर वाचणारा पुन्हा वाचतो. ६४ बिटवर त्याचा खर्च जवळजवळ शून्य. अट एकच, आणि तीच लोक वाचत नाहीत: एका वेळी लिहिणारा एकच हवा. प्रोसेसच्या संदर्भात तुम्ही लिहीत असताना मध्येच सॉफ्ट-इंटरप्ट येऊन त्याच काउंटरवर लिहून गेला, तर क्रमांक बिघडतो आणि ३२ बिटवर वाचणारा कायमचा गोल गोल फिरत बसतो. आकडा चुकला असता तर परवडलं असतं. इथे मशीनच लटकते. विकासकाच्या ६४ बिट मशीनवर यातलं काहीच दिसत नाही, ते दिसतं ग्राहकाच्या छोट्या राउटरवर.

डेव्हस्टॅटच्या रचनेत आरंभी आणि शेवटी असे दोन क्रम-आकडे ठेवलेले असतात, तेही याच कारणासाठी. आणि लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कची सगळी आकडेवारी ‘स्टॅट’ नावाच्या एकाच फाइलमध्ये का आहे, सिसएफएसच्या (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) ‘एका फाइलला एक आकडा’ या शिस्तीला सोडून, याचंही उत्तर तेच: सगळे आकडे एकाच क्षणाचे असावेत. म्हणून ती फाइल एका दमात वाचा. वाचनांची संख्या आत्ता आणि वाचनाचा वेळ पुन्हा फाइल उघडून, असं केलंत तर कर्नलने घेतलेली मेहनत वाया.

काउंटर फिरून येतो, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर

३२ बिटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ ला पुन्हा शून्य होतो. बाइट मोजत असाल तर १ गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर हे साधारण ३४ सेकंदांत होतं, १० गिगाबिटवर साडेतीन सेकंदांच्या आत. दर मिनिटाला वाचणारं मॉनिटरिंग अशा काउंटरवर किती फेऱ्या झाल्या हे कधीच सांगू शकणार नाही. एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणांचे आकडे वाचण्याच्या पद्धतीने) वाचत असाल तर आयएफ-एचसी ने सुरू होणारे ६४ बिटचे काउंटर घ्या. ते नेमके यासाठीच आहेत.

‘आमचं सगळं ६४ बिट आहे’ म्हणून सुटलो असं समजू नका. डिस्कस्टॅट्समध्ये रिक्वेस्ट आणि सेक्टर यांचे आकडे ६४ बिट मशीनवर ६४ बिटच असतात, पण मिलिसेकंदांचे रकाने ३२ बिटमध्येच छापले जातात. एका वेळी एकच रिक्वेस्ट चालू असेल तर ते ४९.७ दिवसांनी फिरतात. मात्र वाचनाच्या वेळेत प्रत्येक रिक्वेस्टचा वेळ स्वतंत्र मिळवला जातो. सतत ३२ वाचनं एकदम चालू असतील तर सुमारे ३७ तासांतच फेरी पूर्ण, आणि २५६ असतील तर पाच तासही लागत नाहीत.

एक फेरी पकडणं अवघड नाही. वजाबाकी ३२ बिटच्या अनसाइन्ड (उणे आकडा नसलेल्या) प्रकारातच करा, उत्तर आपोआप बरोबर येतं. आधी ४,२९,४९,६७,००० आणि नंतर ५०० असेल तर उत्तर ७९६. हेच आकडे दशांशी चलात नेऊन वजा केले की तो प्रसिद्ध उणे चार अब्जांचा खड्डा. हा खड्डा झाकायला ‘उणे आलं तर शून्य धर’ असं लिहिलेलं कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तिथे दुखणं बरं होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

१०० टक्के म्हणजे भरलेली नव्हे

आयओस्टॅटमधली व्यस्ततेची टक्केवारी एवढंच सांगते की या काळात निदान एक रिक्वेस्ट चालू होती. एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फिरत्या डिस्कसाठी ते क्षमतेच्या जवळ जाणारं माप होतं. एसएसडी आणि रेड (अनेक डिस्क मिळून केलेली एक) एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतात. एका वेळी एकच देऊनही त्यांना १०० टक्के दाखवता येतं आणि बरीच क्षमता शिल्लक असते. शिवाय लिनक्स ५.० पासून हा वेळ मोजण्याची पद्धत बदलली. ज्या जिफीत (कर्नलच्या घड्याळाच्या एका टिकटिकीत) रिक्वेस्ट सुरू झाली किंवा संपली तीच मोजली जाते, त्यामुळे रिक्वेस्ट एकमेकींत गुंतलेल्या असताना दोन जिफींहून लांब चाललेल्या कामाचा काही वेळ निसटू शकतो. कर्नल बदलल्यावर आलेख बदलला तर डिस्कला दोष देण्याआधी हे आठवा.

सरासरी प्रतीक्षेचा आकडा याहून फसवा आहे. रिक्वेस्टचा वेळ ती संपल्यावरच हिशोबात येतो. डिस्कने मध्येच श्वास रोखला (स्काझीच्या डिस्कचा नेहमीचा टाइमआउट ३० सेकंदांचा असतो) तर तेवढा वेळ सरासरी प्रतीक्षा शून्य दिसते, कारण संपलंच काही नाही. डिस्क सगळ्यांत आजारी असते तेव्हा आलेख सगळ्यांत शांत. अशा वेळी पुन्हा तोच नववा रकाना कामाला येतो: संपलेल्या रिक्वेस्ट शून्य आणि चालू रिक्वेस्ट शून्य नाहीत, म्हणजे काम अडकलंय.

भराभर काही

या आकडेवारीत सेक्टर म्हणजे ५१२ बाइट, डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ चा असला तरी. ज्याने ४०९६ ने गुणलं त्याची १० एमबी ८० एमबी झाली.

डिस्क आणि तिची पार्टिशन एकत्र बेरजेत घेऊ नका. एलव्हीएम (डिस्कवर आभासी विभाग करणारा थर) किंवा सॉफ्टवेअर रेड असेल तर तेच काम वरच्या थरात एकदा आणि खालच्यात पुन्हा मोजलं जातं.

आयओस्टॅटचा पहिला अहवाल मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. तो टाकून द्या.

मधला वेळ मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणाऱ्या) घड्याळाने मोजा. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त झालं की वेग उगाच उडी मारतो. ‘एक सेकंद झोपलो’ म्हणजे बरोबर एक सेकंद गेला असंही नसतं.

रकाने मोजून घ्या, गृहीत धरू नका. डिस्कस्टॅट्समध्ये लिनक्स ४.१८ मध्ये डिस्कार्डचे चार वाढले, ५.५ मध्ये फ्लशचे दोन. शेवटून मोजणारी स्क्रिप्ट तिथेच मोडते.

आणि सगळेच आकडे गोठलेले दिसले तर डिस्कच्या ‘क्यू’ फोल्डरमधली ‘आयओस्टॅट्स’ ही फाइल बघा. कोणीतरी वेगासाठी तिथे ० लिहून ठेवलेलं असू शकतं.

ती तीच डिस्क आहे ना?

एसडीबी हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव आहे, ओळख नव्हे. डिस्क काढून दुसरी लावली की तेच नाव नव्या डिस्कला मिळू शकतं, काउंटर शून्यापासून सुरू होतात, आणि नव्या आकड्यातून जुना वजा केला की निरर्थक उत्तर येतं. वर सांगितलेली अनसाइन्ड वजाबाकी इथे उलटी अंगावर येते: तिला फेरी आणि नवी सुरुवात यांतला फरक कळत नाही. फ्रीबीएसडीमध्ये डेव्हस्टॅटच्या यादीला पिढी-क्रमांक असतो. यादी बदलली की तो बदलतो आणि वाचणाऱ्याने जुने आकडे फेकून द्यायचे असतात. लिनक्समध्ये ५.१५ पासून प्रत्येक डिस्कला ‘डिस्कसीक’ हा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत दुसऱ्यांदा न वापरला जाणारा क्रमांक मिळतो. वजाबाकीआधी तो जुळतोय का ते पाहा. जुना कर्नल असेल तर डिस्कचा सीरियल किंवा डब्ल्यूडब्ल्यूएन (जगभरात एकमेव असा ओळख-क्रमांक) आकड्यांसोबत साठवा.

याच कारणाने ड्रायव्हरमध्ये आकडे शून्य करण्याची सोय देऊ नका, कोणी कितीही मागितली तरी. चाचणी करणाऱ्याला ती सोयीची वाटते, पण त्याच वेळी दुसरा कोणीतरी तेच काउंटर दर दहा सेकंदांनी वाचत असतो आणि त्याला कोणी कळवलेलं नसतं. ज्याला शून्यापासून बघायचंय त्याने आत्ताचा आकडा स्वतःकडे टिपून ठेवावा आणि पुढच्या आकड्यांतून तो वजा करत राहावं.