इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण कुठे बसवायचं? मुंबईत नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. त्यामुळे आता मराठी माध्यमातून शिकून मुंबईतल्या ऑफिसात येणाऱ्या मुलामुलींकडे शब्द भरपूर असतात. काळही बऱ्यापैकी जमतात, स्पेलिंग तर कॉम्प्युटरच सुधारून देतो. गाडी अडते ती शब्द कुठे ठेवायचा इथे, आणि त्यातही जास्त करून क्रियाविशेषणापाशी. मी अंधेरीला विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. नवीन लोकांनी ग्राहकांना लिहिलेले मेल बाहेर जाण्याआधी मी वाचते. त्या वाचनातून जे लक्षात आलं ते इथे लिहिते आहे, कारण हा भाग कुणी नीट बसवून शिकवत नाही आणि तो शिकला की इंग्रजी एकदम सुटसुटीत होतं.

आधी कारण समजून घेऊ. मराठीत ने, ला, चा असे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. ‘सुनीलने काल फाइल नीट तपासली’ यातले शब्द कसेही हलवा, तपासणारा सुनीलच राहतो. इंग्रजीत कोण करणारा आणि कशावर केलं हे मुख्यतः जागेवरून कळतं. म्हणून तिथे क्रियापद आणि कर्म एकमेकांना धरून उभे असतात, मध्ये तिसऱ्याला सहसा शिरू देत नाहीत. ‘आय चेक्ड केअरफुली द फाइल’ हे चालत नाही. ‘आय चेक्ड द फाइल केअरफुली’ किंवा ‘आय केअरफुली चेक्ड द फाइल’ म्हणा. ‘आय लाइक व्हेरी मच धिस वर्क’ हे इंटरव्ह्यूत सतत ऐकू येतं. तिथे ‘व्हेरी मच’ शेवटी जायला हवं. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी करायची रीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 सालच्या व्याकरणापासून रुळली. त्यामुळे शब्दजातींची नावं दोन्हीकडे जुळतात, आणि नावं जुळली की जागाही जुळत असतील असं वाटून जातं. तसं नाही.

उलट बऱ्याचदा क्रम आरशातल्यासारखा फिरतो. आपण सहज म्हणतो, ‘ती काल ऑफिसात शांतपणे काम करत होती’: आधी केव्हा, मग कुठे, मग कसं. इंग्रजीत हेच ‘शी वॉज वर्किंग क्वाएटली इन द ऑफिस यस्टरडे’ होतं: कसं, कुठे, केव्हा. ‘यस्टरडे’ सुरुवातीला आणलं तरी चालतं. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना मात्र आधी ठिकाण लागतं: ‘आय केम टू चर्चगेट बाय ट्रेन यस्टरडे’. हा उलटा क्रम एकदा डोक्यात बसला की लांब वाक्य लिहिताना मध्येच अडकायला होत नाही.

ऑलवेज, युज्वली, ऑफन, नेव्हर या मंडळींची जागा जवळजवळ ठरलेली आहे. साध्या क्रियापदाच्या आधी, पण इज, ॲम, आर, वॉज यांच्या नंतर. ‘माय ट्रेन ऑलवेज कम्स लेट’, पण ‘माय ट्रेन इज ऑलवेज लेट’. सहायक क्रियापद असेल तर त्याच्या लगेच मागे: ‘आय हॅव नेव्हर वर्क्ड इन सेल्स’. ‘ऑलवेज आय रीच ऑन टाइम’ हे ‘नेहमी मी वेळेवर पोचतो’ची हुबेहूब नक्कल आहे, इंग्रजीत ते खटकतं. ‘समटाइम्स’ला मात्र सुरुवातीची मोकळीक आहे. ‘नेव्हर’ पुढे आणायचं तर मागचं वाक्य प्रश्नासारखं उलटावं लागतं: ‘नेव्हर हॅव आय सीन...’. ते भाषणात शोभतं. रोजच्या मेलमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता ‘ओन्ली’. माझ्या मते ऑफिसातल्या इंग्रजीत सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असा हा शब्द. ‘आय लिव्ह इन डोंबिवली ओन्ली’ असं आपण सर्रास बोलतो. तो ‘डोंबिवलीतच’ मधला च आहे आणि आपल्या आपल्यात तो सगळ्यांना कळतो. बोलण्यात मला त्यात काहीच गैर वाटत नाही, भारतीय इंग्रजीची ती ओळख आहे. पण ग्राहकाला जाणाऱ्या लेखी मजकुरात या शब्दाच्या जागेवर पैसे ठरतात.

कोकणातून आलेल्या एका मुलाने मेलमध्ये लिहिलं होतं: ‘वुई कॅन ओन्ली पे द रूम चार्जेस आफ्टर वेरिफिकेशन’. व्याकरणात चूक काढता येणार नाही. पण ग्राहक याचा अर्थ ‘फक्त रूमचेच पैसे मिळणार, औषधांचे नाही’ असा घेऊ शकतो, किंवा ‘पडताळणी झाल्याशिवाय पैसे नाहीत’ असा. मी त्याला म्हटलं, तुला काय सांगायचंय ते मराठीत बोल. तो म्हणाला, ‘मॅडम, पडताळणी झाल्यावरच रूमचे पैसे देता येतील.’ बघा, च कुठे चिकटला? ‘झाल्यावर’ला. मग ‘ओन्ली’ही तिथेच गेला पाहिजे, फक्त मराठीत च मागून येतो आणि इंग्रजीत ‘ओन्ली’ पुढून: ‘वुई कॅन पे द रूम चार्जेस ओन्ली आफ्टर वेरिफिकेशन’. त्याला ‘फक्त रूमचेच पैसे’ म्हणायचं असतं तर ‘ओन्ली द रूम चार्जेस’. ‘आम्हीच देऊ’ म्हणायचं असतं तर ‘ओन्ली वुई’. बोलताना आवाजाच्या जोराने हे निभावतं. कागदावर जोर दिसत नाही, तिथे जागाच बोलते.

एक जपा: प्रत्येक च म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे. ‘आजच पाठवते’ याला ‘टुडे इटसेल्फ’ लिहायची सवय आपल्याकडे आहे. नुसतं ‘टुडे’ पुरतं. फारच घाई दाखवायची असेल तर ‘बाय फाइव्ह टुडे’ अशी वेळ लिहा, समोरच्याला तेच जास्त उपयोगी पडतं.

काही शब्द छोटे आहेत पण अर्थ पार फिरवतात. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्टाळू, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘इनफ’ विशेषणाच्या मागे येतो, नामाच्या पुढे: ‘गुड इनफ’, पण ‘इनफ टाइम’. ‘येट’ शेवटी: ‘द बिल हॅजन्ट कम येट’. ‘स्टिल’ असेल तर नकाराच्या आधी: ‘द बिल स्टिल हॅजन्ट कम’. दुसऱ्यात थोडी तक्रार ऐकू येते, म्हणून ग्राहकाला लिहिताना मी पहिलं निवडते.

मग येतात ठरलेल्या जोड्या. पाऊस ‘हेवीली’ पडतो, ‘स्ट्राँगली’ नाही. सल्ला मात्र ‘स्ट्राँगली रेकमेंड’ करतात. अशक्यप्राय गोष्ट ‘हाइली अनलाइकली’ असते. याला नियम शोधत बसू नका. जिथे दिसेल तिथून अख्खी जोडी उचला आणि जोडीनेच लक्षात ठेवा. ‘रिप्लाय बॅक’ आणि ‘रिटर्न बॅक’ मधला ‘बॅक’ काढून टाका, तो अर्थ क्रियापदातच आहे.

सरावासाठी क्लास लावायची गरज नाही. लोकलमध्ये उभ्याने इंग्रजी पेपर वाचता येतो. एकच बातमी घ्या आणि त्यातली क्रियाविशेषणं क्रियापदाच्या आधी आहेत की कर्माच्या नंतर, एवढंच बघा. पहिल्या महिन्यात फक्त ‘ओन्ली’ आणि ‘ऑलवेज’ हे दोन शब्द धरा. तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये सर्चला ‘ओन्ली’ टाका, जी वाक्यं येतील ती मराठीत म्हणून पाहा, च कुठे पडतो ते ऐका आणि गरज असेल तिथे वाक्य वहीत नव्याने लिहा. ती वही टेबलावरच ठेवा. पुढचा मेल लिहिताना तसंच वाक्य लागतं, आणि विमा असो की बँक, ऑफिसात तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा लागतात.