स्टॅक मॉनिटरिंगला (चिमणीतून बाहेर पडणारा गॅस आणि धूळ मोजायच्या कामाला) नवीन असाल तर आधी ऑक्सिजन बघा

मी लागलो तेव्हा मला वाटायचं काम सोपंय, चिमणीवर चढायचं, पोर्टमधून (चिमणीला ठेवलेल्या भोकातून) प्रोब, म्हणजे नमुना ओढायची नळी, आत घालायचा, अ‍ॅनालायझरवर आकडा स्थिर झाला की वहीत लिहायचा आणि उतरायचं. एकदा एसओटू (सल्फर डायऑक्साइड) इतका कमी आला की मी जाम खूश. सिनियरने वही बघून एवढंच विचारलं, "ऑक्सिजन किती होता रे?" म्हटलं १८. तो हसायलाच लागला, म्हणाला बॉयलर धडधडून चालू आहे आणि धुरात १८ टक्के? अरे तू बाहेरची हवा मोजून आलास. परत चढलो तर पोर्टच्या फ्लँजचं गॅस्केट फाटलेलं आणि पंप तिथूनच हवा ओढत होता. त्यात सॅम्पल लाइनचं (प्रोबपासून अ‍ॅनालायझरपर्यंतच्या नळीचं) हीटिंग बंद, आत पाण्याचे थेंब, आणि एसओटू पाण्यात मस्त विरघळतो, म्हणजे काही गॅस वाटेतच गायब.

म्हणून नुसत्या पीपीएमवर (दहा लाख भागांत किती भाग गॅस) जाऊ नका. एसओटूचा १ पीपीएम म्हणजे ०° सेल्सिअसला साधारण २.८६ मिग्रॅ प्रति घनमीटर, तेही ड्राय की वेट (पाण्याची वाफ वगळून की धरून) हे लिहिलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. मग करेक्शन, म्हणजे आकडा ठरलेल्या ऑक्सिजनला (रेफरन्सला) आणायचा. समजा १४ टक्के ऑक्सिजनला १०० मिग्रॅ आलं आणि रेफरन्स ६ टक्के आहे, तर हवेतल्या २१ टक्क्यांतून दोन्ही वजा करा, २१ वजा ६ म्हणजे १५ आणि २१ वजा १४ म्हणजे ७, मग १०० गुणिले १५ भागिले ७, म्हणजे खरं २१४. हवा मिसळून आकडा पातळ करायची पळवाट यातच बंद होते (करणारे तरी करून बघतातच).

पोर्टची जागाही बघून घ्या, बेंडनंतर ८ व्यास आणि पुढच्या अडथळ्याच्या आधी २ व्यास सरळ डक्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर फ्लो गोल फिरतो आणि पिटॉट नळीने मोजलेला वेग चुकतो. धूळ मोजताना आयसोकायनेटिक (नोझलमधला वेग धुराच्या वेगाइतकाच ठेवून नमुना घेणं) लागतं, गॅसला नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि मी उगाच नोझल बदलत बसायचो.

बाहेर पडलेल्या गॅसचं पुढे काय होतं ते हवा ठरवते. गरम धूर चिमणीच्याही वर चढतो, ती चढ धरून इफेक्टिव्ह उंची काढतात. हवा किती स्थिर आहे ते सांगणारे पास्क्विलचे ए ते एफ वर्ग पाठ करण्यापेक्षा पहाटे धुराकडे बघा, इन्व्हर्जन (खाली थंड आणि वर गरम हवा) असेल तर तो पट्टीसारखा आडवा पसरलेला असतो आणि ऊन चढून खालची हवा घुसळली की तोच जमिनीवर येतो, स्टॅकचं रीडिंग मात्र तेच.