आंबोलीला एका दिवसासाठी जाताय? मग काळोख पडेपर्यंत थांबा

मी सावंतवाडीची. पावसाळ्यात पुण्याची भाचरं आली की एक दिवस आंबोलीचा, हे ठरलेलंच. आधी मीही त्यांना घाटातल्या मोठ्या धबधब्यावर न्यायची. भिजायचं, गरम भजी खायची, गाड्यांच्या रांगेत अडकायचं आणि परत यायचं. एका वर्षी थोरल्या भाचीनं रस्त्याकडेच्या कातळावर मला हाताला धरून उकिडवं बसवलं. "मावशी, हा बघ." अंगठ्याएवढा बेडूक, कुशीवर पिवळे पट्टे. त्या दिवसापासून आमची सहल पार बदलली. आंबोलीत बघण्यासारखं बरंचसं गुडघ्याच्या खालीच आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

पाऊस लागला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत या, तेही आडवारी. शनिवार-रविवारी घाटात फक्त हॉर्न ऐकू येतात. सावंतवाडीहून अंतर तीसेक किलोमीटर. रेल्वेनं सावंतवाडी रोडला उतरून एसटीनंही येता येतं, पण रात्री घाट उतरायचा असल्यानं गाडी हाताशी असलेली बरी. पहाटे सहाला निघालात तर धबधब्यापाशी कुणी नसतं. पाच मिनिटं बघा आणि पुढे चला.

छत्री घरीच ठेवा, वारा ती उलटी करतो. रेनकोट, पकड असलेले बूट आणि प्रत्येकाला एक टॉर्च हवा. पँटचे पाय मोज्यात खोचा, कारण जळवा लागणारच. लागली तर ओढू नका; तिचं तोंड जिथे चिकटलंय तिथे नख घालून बाजूला सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरू नका. जळू रक्त गोठू देत नाही, म्हणून तसं होतं.

सकाळी आधी हिरण्यकेशी. गावापासून पाचेक किलोमीटरवर गुहेतून नदी उगम पावते, तिथेच देवीचं ठाणं आहे. कुंडाच्या काठावर गुपचूप बसा. तळाच्या दगडांवर बोटभर मासे हलताना दिसतील. या माशाला २०२० साली शास्त्रीय नाव मिळालं, 'शिस्टुरा हिरण्यकेशी', आणि त्याच्यामुळेच २०२१ मध्ये या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पाण्यात पाय बुडवू नका, निर्माल्य नको, बिस्किटाचा चुरा तर नकोच. मला इथे दर वेळी एका गोष्टीचं नवल वाटतं. घाटातलं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं, आणि हे इथलं पाणी पाठ फिरवून आजरा, संकेश्वर करत घटप्रभेला, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं.

मग कावळेसाद. इथे दरीतून वर येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं फेकतो. बहुतेक वेळा मात्र समोर नुसतं पांढरं धुकं असतं आणि लोक दोन मिनिटांत गाडीत जाऊन बसतात. एकदा आम्हीही निघालो होतो, तर चहावाली काकी म्हणाली, "वायच थांबा, वारो इलो काय सगळा दिसतला." अर्ध्या तासानं खरंच पडदा ओढल्यासारखी दरी उघडली. थांबा, पण कठड्याच्या आतच. शेवाळलेल्या कातळावर पाय कधी सरकेल, सांगता येत नाही.

दुपारी जेवून थोडं पडा. डोळे ताजे हवेत, खरं बघणं पुढेच आहे. अजून अंगात दम असेल तर बेळगावच्या वाटेवर नांगरतासची अरुंद घळ आहे.

संध्याकाळी गावातला जाणता वाटाड्या सोबत घ्या. याला पर्याय नाही. आपण ज्या फांदीला नुसती फांदी समजतो, तिच्यावर त्याला मलबारी चापडा दिसतो. हा विषारी साप तासन् तास एका जागी बसतो. मागे एका फोटोवाल्या घोळक्यानं काठीनं तो उजेडात आणून ठेवलेला मी पाहिला. आजही राग येतो. तो बसलाय तसाच, लांबून बघा.

अंजनी-जांभळीच्या झाडीत पाणी साचलंय तिथे, वरच्या पानांवर साबणाच्या फेसासारखा गोळा शोधा. तो हिरव्या उडत्या बेडकाचा, मलबार ग्लायडिंग फ्रॉगचा खोपा. आत अंडी असतात, आणि पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. पान वाकवून बघायचा मोह होतो. नका वाकवू, खालचं पाणी चुकलं तर पिल्लं जमिनीवर पडतील.

आणि तो पिवळ्या पट्ट्यांचा, आंबोली टोड. शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याला नाव दिलं: झँथोफ्रिनी टायगेरिना. तो अतिसंकटग्रस्त आहे. याची मादी जांभ्या कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालते. पाऊस चार दिवस दडला की डबकं आटतं, अंडी गेली. म्हणून कातळावर चालताना प्रत्येक पाऊल टॉर्चच्या उजेडात टाका, डबकं ओलांडून जा. बेडूक हातात घेऊ नका. त्याची कातडी पाण्यासारखंच आपल्या हातावरचं डासांचं क्रीमही शोषून घेते.

आठ-साडेआठला परत फिरा. पावसात बेडूक रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली चिरडतात. पठारावरच्या रस्त्यावर आम्ही गाडी अगदी सावकाश घेतो, भाचरं खिडकीला नाक लावून बसतात आणि "थांब!" म्हटलं की मी थांबते. मागून गाडी येत नसेल तरच एकजण उतरतो आणि बेडूक आपण होऊन कडेला जाईपर्यंत उभा राहतो. मागे गाडी असेल तर तिला आधी पुढे जाऊ द्या. धुकं दाट असेल तर मोठे दिवे (हाय बीम) लावू नका, समोर पांढरी भिंतच उभी राहते. खालचा झोत (लो बीम) आणि कडेची पांढरी रेघ, एवढ्यावर दाणोलीपर्यंत उतरा.